विटकाम, गिलावा, फरशी : कार्यशाळेत जाऊन हात तयार होतो का?

केतकी_रान

नमस्कार मंडळी,

विटकाम, गिलावा आणि फरशी बसवणं ही तिन्ही कामं मला स्वतःच्या हातांनी शिकायची आहेत. व्यवसाय म्हणून नाही. माझं दिवसभराचं काम खुर्चीत बसून, आकड्यांशी. पण कुठेही बांधकाम चालू दिसलं की पाय तिथेच थबकतात. थापीवरून माल (सिमेंट, वाळू आणि पाणी कालवून केलेला) नेमका जागेवर कसा पडतो ते बघत राहते आणि हात शिवशिवायला लागतात. व्हिडिओ तर इतके पाहिलेत की डोळ्यांना सगळं येतं, हातांना काहीच येत नाही.

हल्ली प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या कार्यशाळा निघाल्या आहेत. मला दोन प्रकार दिसले. एक शनिवार-रविवारची, त्यात तिन्ही कामांची तोंडओळख. दुसरी लांबलचक, एकाच कामाची, रोज तेच. तर प्रश्न असे:

तिन्हीपैकी आधी काय शिकावं? दोन दिवसांत काही हाती लागतं का? आणि अंगमेहनतीची सवय नसलेल्या माणसाला हे झेपतं का?

ज्यांनी केलंय, शिकवलंय किंवा जे हेच काम करतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अनवट

छान विषय. मलाही हेच विचारायचं होतं. वाचतोय.

पाणसळ

केतकीताई, आधी विटकाम. यात माझ्या मनात शंका नाही. मी बांधकाम अभियंता आहे आणि नवशिक्यांना शिकवणाऱ्या कार्यशाळांमध्ये मदत करतो.

कारण सांगतो. विटकामात रेषा, पातळी, काटकोन आणि ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारी वजन लावलेली दोरी) या चारही गोष्टी पहिल्या तासापासून समोर येतात. गिलाव्यात आणि फरशीतही त्याच लागतात, फक्त तिथे त्या मालाखाली किंवा फरशीखाली लपतात. विटेची भिंत काही लपवत नाही. तिसऱ्या रद्द्यात, म्हणजे विटांच्या तिसऱ्या थरात, वीट जरा बाहेर गेली की सातव्या रद्द्यात ओळंबा ते बोलून दाखवतो.

शिकवताना आम्ही आधी कोपरे उभारून घेतो. दोन्ही टोकांना चार-पाच रद्दे पायरीपायरीने चढवायचे, ते ओळंब्यात आणि पातळीत आणायचे, मग दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणून मधल्या विटा लावायच्या. वीट दोरीला टेकवायची नाही, केसाएवढी फट ठेवायची. एक वीट टेकली की दोरी बाहेर ढकलली जाते आणि पुढच्या सगळ्या विटा तिच्यामागे जातात. हे वाचून कळतं, पण अंगवळणी पडतं ते करूनच.

दुसरं म्हणजे सांधमोड. खालच्या सांध्यावर वरच्या विटेचा मध्य यायला हवा. उभे सांधे एकावर एक आले की भिंत तिथूनच फाटणार. आणि वीट वापरण्याआधी भिजवायची. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला घट्ट व्हायला पाणी उरत नाही, आणि महिन्याभराने सांधा नखाने खरवडला तर भुगा पडतो. पाण्यात टाकलेल्या विटेतून बुडबुडे यायचे थांबले की वीट भिजली.

ओळंबा

मी गवंडी. बापाच्या हाताखाली शिकलो, अजून काम करतो. पाणसळ साहेबांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण एक पायरी सोडली त्यांनी. विटेच्या आधी माल.

आमच्याकडं पोरगं कामावर आलं की पहिले कित्येक महिने थापीला हात लावू देत नव्हते. वाळू चाळ, घमेली वाहा, माल कालव. तेव्हा राग यायचा. पण त्यातून हाताला एक गोष्ट कळते. माल कधी घट्ट झाला, कधी पातळ झाला, वाळू ओली आहे का कोरडी, हे फावडं फिरवतानाच समजतं. थापीवर घेतलेला माल थापी तिरकी केली की सरकला पाहिजे, पण गळला नाही पाहिजे. विटेवर पसरून वर वीट दाबली की कडेनं थोडा बाहेर आला पाहिजे. बाहेर आलाच नाही तर खाली पोकळ राहिलंय. सगळा ओघळून विटेच्या तोंडावर आला तर पाणी जास्त झालंय.

दोन दिवसांत तिन्ही कामं? मला नाही पटत. दोन दिवसांत माल जरी नीट कालवता आला तरी मी पाठ थोपटीन.

रेवा

मी थोडी वेगळी बाजू मांडते. मी फरशीची कार्यशाळा केली आहे, अनेक आठवडे चाललेली. ज्याला घरातलंच काम करायचं आहे त्याने फरशीपासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. भिंत बांधायची वेळ घरी किती वेळा येते? पण ओट्यामागच्या चार टाइल्स निखळल्या, न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचतंय, हे प्रत्येक घरात.

फरशी शिकताना मला सगळ्यात मोलाची वाटली ती न चिकटवता केलेली मांडणी. खोलीचा मध्य काढायचा, दोन रेषा काटकोनात मारायच्या आणि टाइल्स कोरड्याच मांडून बघायच्या. दोन्ही भिंतींशी दोन बोटांची पट्टी येत असेल तर मध्यरेषा अर्ध्या टाइलने सरकवायची, म्हणजे दोन्हीकडे सारखे आणि रुंद तुकडे येतात. घाईत हा वेळ वाचवणारे पुढे आयुष्यभर ती अरुंद पट्टी बघत बसतात.

खोली काटकोनात आहे का हे बघायला ३-४-५ चा नियम. एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करायची. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात. मोठ्या खोलीत ६-८-१० घ्यायचं, अचूकता वाढते.

चौकोन

पायथागोरस शाळेत शिकवला तेव्हा हे सांगितलं असतं तर मी गणितात निदान पास तरी झालो असतो असं आमचे बंधुराज आत्ताच शेजारून म्हणाले :)

ओळंबा

@रेवा ताई, ते ३-४-५ आम्ही शाळेत न जाता वापरतोय. गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) छोटा असतो, खोली मोठी असते. पायाची आखणी करताना दोरीनं हेच करतो.

भटकभवानी

थोडं बोचेल, पण लिहिते. या शनिवार-रविवारच्या कार्यशाळांमध्ये मला एक गोष्ट खटकते. ज्या कामात माणसं आयुष्य घालवतात, पाठ मोडून घेतात, त्याची चव म्हणून दोन दिवस आपण जायचं, हातात थापी घेऊन फोटो काढायचे आणि परत यायचं. मग तेच लोक घरी गवंडी आला की त्याला शिकवायला लागतात, "असं नाही, तसं करा." ओळंबादादांनी कित्येक महिने फक्त माल कालवला. त्या महिन्यांना काही किंमत आहे की नाही?

फ्रान्समध्ये 'कंपान्यों' म्हणून कारागिरांची जुनी परंपरा आहे. त्यात तरुण कारागीर वर्षानुवर्षं गावोगाव फिरतात, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या उस्तादाकडे काम करतात आणि मग स्वतःच्या कसबाचा नमुना घडवून दाखवतात. युनेस्कोने २०१० मध्ये ती परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कसब असं मुरतं.

अनवट

@भटकभवानी, मुद्दा समजला, पण पूर्ण असहमत. काठावर बसून पोहणाऱ्याला नावं ठेवणारा एक आणि निदान एकदा पाण्यात उतरलेला एक, यांतला दुसराच पोहणाऱ्याची कदर करतो. स्वतः एक रद्दा सरळ लावताना घाम फुटला की गवंड्याच्या कामाची घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

ओळंबा

भटकभवानी ताई, माझी बाजू घेतलीत, बरं वाटलं. पण मला शिकायला येणाऱ्यांचा राग नाही. उलट मी म्हणतो यावं. आमच्या कामाला लोक बिनडोक समजतात, त्याचं मला वाईट वाटतं. मालकाला जर कळलं ना, की गिलाव्याआधी भिंत का भिजवायची, नंतर सात दिवस पाणी का मारायचं, तर तो मला "उद्याच रंग लावा" म्हणून मागं लागणार नाही. निम्मी कामं घाईनं बिघडतात, आणि घाई आमची नसते.

फक्त एवढं, दोन दिवस शिकून आलेल्या माणसानं छताचा गिलावा करायला शिडीवर चढू नये. पडेल तरी, नाहीतर डोळ्यात माल घेईल तरी.

पारिजात

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर डॉक्टर म्हणून सांगते. माझ्याकडे त्वचेच्या तक्रारी घेऊन बांधकामावरचे लोक नेहमी येतात.

ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ ते १३ च्या घरात. त्याची गंमत अशी की लगेच झोंबत नाही. गुडघे टेकून फरशी बसवताना पँट ओली होते, काही तास तसंच काम चालू राहतं, आणि संध्याकाळी कातडी सोललेली, कधी काळवंडलेली दिसते. ती भाजल्याची जखम असते. खोल जाऊ शकते. माल कपड्यातून आत झिरपला की कपडा तिथल्या तिथे काढायचा आणि वाहत्या स्वच्छ पाण्याखाली बराच वेळ धुवायचं. डोळ्यात उडाला तर ताबडतोब निदान २० मिनिटं पाण्याने धुवायचं आणि थेट दवाखान्यात. घरगुती उपाय नकोत.

दुसरं म्हणजे ॲलर्जी. सिमेंटमध्ये क्रोमियमचा एक प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो. त्याने काहींच्या हातांना कायमचा इसब होतो आणि एकदा झाला की सिमेंटशी थोडा संबंध आला तरी उलटतो. युरोपात २००५ पासून सिमेंटमधल्या या विरघळणाऱ्या क्रोमियमवर दशलक्षात दोन भाग अशी मर्यादा आहे, ती याच कारणासाठी.

तिसरी गोष्ट दिसत नाही म्हणून सगळ्यात वाईट. टाइल किंवा वीट कोरडी कापताना उडणारी धूळ. त्यात सिलिका असते. बारीक कण फुफ्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कापताना पाण्याची धार हवीच, आणि तोंडाला रुमाल नव्हे, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. कार्यशाळेत यंत्राने कोरडं कापत असतील तर सरळ विचारा.

रेवा

+१. आमच्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी हातमोजे नसलेल्यांना मालाजवळ फिरकू दिलं नाही. सुती नव्हे, पाणी आत न जाणारे. आणि गुडघ्यांना गाद्या.

निळावंती

झेपतं का, या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी बाई, अंगाने बारीक, आणि विटकामाचा लांबचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे.

एका विटेचं वजन साधारण ३ किलो. एका विटेचं काही वाटत नाही, पण दिवसाला काही शे विटा उचलायच्या म्हटलं की हिशेब टनात जातो. म्हणून विटा कुठे रचल्या आहेत यावर सगळं अवलंबून. पायाशी ठेवल्या तर प्रत्येक विटेमागे कंबर वाकते. कमरेच्या उंचीवर फळी टाकून तिथे ठेवल्या तर काम तेच आणि थकवा निम्मा. ज्या हाताने वीट उचलता त्या बाजूला विटा आणि थापीच्या बाजूला माल.

हे काही माझं शोधलेलं नाही. फ्रँक गिलब्रेथ नावाचे गृहस्थ १८८५ साली अमेरिकेत विटकामाची उमेदवारी करायला लागले. आपल्याला शिकवणारे गवंडी प्रत्येक जण वेगळ्या हालचाली करतात, आणि तोच माणूस घाईत वेगळ्या आणि शिकवताना वेगळ्या करतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्या हालचाली नोंदल्या, उंची कमीजास्त करता येणारी पराची (उभं राहून काम करायचा मचाण) आणली, विटा आधीच निवडून नीट बाजू वर करून रचायला लावल्या, आणि एका विटेमागच्या १८ हालचाली ५ पर्यंत खाली आणल्या. हालचालींच्या अभ्यासाचं सगळं शास्त्र पुढे ज्यातून वाढलं, त्याची सुरुवात विटेच्या भिंतीपाशी झाली. मला याचा फार अभिमान वाटतो.

तर ताकदीपेक्षा मांडणी महत्त्वाची. पहिले काही दिवस मनगट आणि खांद्याच्या मागचा भाग दुखतो. मग सरावतो.

माध्यान्ह

अवांतर : विन्स्टन चर्चिलही भिंती बांधायचे! चार्टवेलच्या घराच्या बागेतल्या भिंतीचा बराचसा भाग त्यांनी स्वतः बांधला आणि १९२८ मध्ये, अर्थमंत्री असताना, बांधकाम कामगारांच्या संघटनेचं सभासदत्व घेतलं. त्यावर संघटनेतल्या लोकांनी बराच गदारोळ केला होता.

चौकोन

म्हणजे भटकभवानी यांचा आक्षेप तेव्हापासूनचा आहे तर :)

भटकभवानी

आहेच :) पण ओळंबादादा स्वतः म्हणतायत यावं, तर मी माझा शब्द निम्मा मागे घेते. उरलेला निम्मा ठेवते. शिकवणारा प्रत्यक्ष काम करणारा गवंडी असावा, आणि त्याला त्याचे पूर्ण पैसे आणि पत्रकावर त्याचं नाव मिळावं. नुसता आयोजकाचा फोटो नको.

पाणसळ

याला शंभर टक्के सहमत. हाताचं काम शिकवायला ते काम रोज करणारा हात हवा. माझ्यासारख्याने मालाचं प्रमाण आणि कारणं सांगावीत, तेवढंच.

ओळंबादादांनी मालाचा मुद्दा काढला त्याला थोडी जोड देतो. वाळू मोजताना लोक फसतात ते ओलाव्यामुळे. किंचित ओली वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. जेमतेम ५ टक्के ओलाव्याने आकारमान २५-३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. म्हणजे एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) म्हणून सहा घमेली ओली वाळू टाकली तर प्रत्यक्षात पाचच्या आसपास पडते. वाळूत माती किती हे बघायला काचेच्या उभ्या भांड्यात वाळू आणि पाणी घालून हलवायचं आणि स्थिर ठेवायचं. वाळू तळाशी बसते, गाळाचा थर वर दिसतो. तो थर जाड दिसला तर वाळू धुऊन घ्या किंवा परत पाठवा.

आणि पाणी घातल्यावर माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. आवळायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. मऊ होतो, पण जोर गेलेला असतो.

अनवट

एक शंका. कार्यशाळेत बांधलेल्या भिंतींचं पुढे काय होतं? दर वेळी पाडतात म्हणजे केवढं सामान वाया!

पाणसळ

चांगला प्रश्न. अनेक ठिकाणी सरावासाठी सिमेंटऐवजी चुना आणि वाळूचा माल वापरतात. तो हाताला जवळजवळ तसाच लागतो, पण काही दिवसांत दगडासारखा होत नाही. भिंत उतरवायची, विटा खरवडून पुन्हा रचायच्या, माल चाळून पाणी घालून पुन्हा कालवायचा. तेच सामान वर्षभर पुरतं. चुनाही अल्कधर्मीच आहे, तेव्हा पारिजातताईंचे हातमोजे तिथेही लागू.

शिकणाऱ्यासाठी याचा खरा फायदा वेगळा आहे. पाडायचीच भिंत असल्यावर हात मोकळा होतो. ज्या घरात राहायचं त्या घराची भिंत शिकताना बांधली तर माणूस इतका जपतो की शिकत नाही.

निळावंती

अगदी! आमच्याकडे संध्याकाळी शिक्षक पट्टी आणि ओळंबा घेऊन प्रत्येकाची भिंत तपासायचे, कुठे किती मिलिमीटर गेली ते खडूने भिंतीवरच लिहायचे आणि मग ज्याची त्याने उतरवायची. जागतिक पातळीवर तरुणांच्या कौशल्यांच्या स्पर्धा होतात ना, 'वर्ल्डस्किल्स', त्यातही विटकाम, गिलावा आणि फरशी हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि मोजणी मिलिमीटरमध्येच होते.

रानपाखरू

गिलाव्यावर कुणीच बोलत नाहीये. तोच तर सगळ्यात अवघड ना?

ओळंबा

हो. गिलावा सगळ्यात अवघड. म्हणून शेवटी.

सांगतो कसं असतं. भिंतीचे सांधे आधी खरवडून खोल करायचे, गिलाव्याला पकड मिळते. काँक्रीटचा खांब असेल तर त्याला टाचे मारायचे, म्हणजे टोचून खडबडीत करायचा. वीट आणि काँक्रीट जिथं भेटतं तिथं जाळी ठोकायची, नाहीतर तिथं चीर ठरलेली. मग भिंत भिजवायची, पण पाणी ओघळत असताना माल मारायचा नाही.

मग ठिय्ये. म्हणजे भिंतीवर जागोजागी मालाचे छोटे चौकोन, ओळंब्यात आणि दोरीत, जेवढी जाडी पाहिजे तेवढे. ते धरून मालाच्या उभ्या पट्ट्या ओढायच्या आणि मधली जागा भरायची. नवीन माणूस ठिय्ये न लावता डोळ्यानं भरायला जातो आणि भिंतीला पोट येतं. दिवा लावला की कळतं.

माल मारणं म्हणजे मनगटाचं काम. थापी भिंतीच्या जवळ आणायची आणि झटका द्यायचा. "चप्" असा भरीव आवाज आला की बसला. नुसता थापून लावला तर मागं हवा राहते, आणि पुढं तिथं ठोकलं की डबडब वाजतं. भरून झालं की पट्टी (लांब सरळ फळी) खालून वर, डावी-उजवी नागमोडी हलवत ओढायची. जास्तीचा माल पट्टीवर येतो, खड्डे दिसतात, ते भरायचे, परत ओढायची.

मग थांबायचं. हेच कुणाला जमत नाही. बोट टेकवलं की ठसा पडतो पण बोटाला माल लागत नाही, तेव्हा रंधा (गिलावा घासून सपाट करायची मुठीची लाकडी फळी) फिरवायचा. लवकर फिरवला तर माल रंध्याबरोबर उचलून येतो. उशीर झाला तर रंधा नुसता घासतो. ही वेळ उन्हात वेगळी, सावलीत वेगळी, वाऱ्यात वेगळी. ती कुठल्या कागदावर लिहिता येत नाही.

पाणसळ

वा दादा. यात एकच भर. गुळगुळीत दिसावं म्हणून ओल्या गिलाव्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटतात ते करू नये. वर सिमेंटचा जास्तीचा थर येतो, तो आतल्यापेक्षा अधिक आकसतो आणि पृष्ठभागावर बारीक चिरांचं जाळं उमटतं.

रानपाखरू

धन्यवाद! हा प्रतिसाद जपून ठेवलाय.

माध्यान्ह

आणखी एक अवांतर, माफ करा. वीट म्हटलं की मला लॉरी बेकर आठवतात. ब्रिटनमध्ये जन्मलेले, केरळात आयुष्य घालवलेले वास्तुविशारद. विटा आडव्या न ठेवता कुशीवर उभ्या ठेवून भिंतीच्या आत पोकळी सोडायची 'रॅट ट्रॅप' पद्धत त्यांनी आपल्याकडे रुजवली. भिंतीची जाडी तेवढीच, विटा साधारण पाव हिस्सा कमी, आणि आतल्या हवेमुळे ऊन कमी आत येतं. अनेक भिंतींना त्यांनी गिलावाच केला नाही. विटकाम नीट असेल तर झाकायचं कशाला, हा त्यांचा आग्रह मला फार पटतो.

निळावंती

अवांतर कसलं, हे विषयाला धरूनच आहे. ती भिंत आम्ही सरावात बांधली. उभ्या ठेवलेल्या विटेला माल लावताना तो आतल्या पोकळीत पडू न देणं, हीच परीक्षा. सांध्याची जाडी १० मिलिमीटरच्या वर गेली की सगळी नक्षी बिघडते. आणि गिलावा नसल्यामुळे दर्जा भरणं (विटांमधले सांधे बाहेरून नीट भरणं) आलं, ते वेगळंच कसब.

रेवा

फरशीकडे परत येते, कारण एक गोष्ट राहिली. हल्लीच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी जवळजवळ पितच नाहीत, अर्ध्या टक्क्याच्याही आत. त्यामुळे त्यांच्या पाठीला सिमेंटचं पाणी लावून जुन्या पद्धतीने बसवलं की पकड येत नाही आणि काही दिवसांत टाइल सुटते. त्यांना चिकटवायचा तयार माल लागतो आणि तो दातेरी थापीने एकाच दिशेने पसरायचा असतो. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबायची पद्धत बघाल तर लगेच नाही म्हणा. मधे पोकळ राहतं, जड वस्तू पडली की टाइल तिथेच तडकते.

चांगल्या कार्यशाळेत बसवलेली टाइल शिक्षक उचलून दाखवायला लावतात. पाठीवर माल सगळीकडे लागला आहे का ते डोळ्यांनी दिसतं. आणि न्हाणीघरात टाइल्स आणि मधल्या सांध्यांचं भरण पाणी अडवत नाहीत, पाणी अडवणारा थर त्यांच्या खाली आधी द्यावा लागतो, हे तर प्रत्येकाला माहीत असायला हवं. गळती झाली की लोक वरचे सांधे पुन्हा भरत बसतात.

चौकोन

हा धागा वाचून मी घरातल्या सगळ्या टाइल्स बोटाने ठोकून बघितल्या. बंधुराज वैतागलेत. दोन डबडब वाजतायत.

रेवा

@चौकोन, सुटल्या नसतील तर लगेच उखडू नका. पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा ठोका. आवाज पसरत असेल तरच हात लावा.

केतकी_रान

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. दोनदा वाचलं.

माझ्या प्रश्नांकडे परत येते. मला समजलं ते असं : क्रम माल, विटा, फरशी आणि शेवटी गिलावा. दोन दिवसांच्या कार्यशाळेत आपल्याला हे आवडतं का एवढं कळेल, हात तयार होणार नाही. तेव्हा आधी ती करून, आवडलं तर विटकामाची लांबची घ्यायची असं ठरवतेय. पारिजातताई, हातमोजे आणि मास्क आधी घेणार, थापी नंतर. नाव नोंदवण्याआधी आयोजकांना काय विचारू?

पाणसळ

एका शिकवणाऱ्यामागे किती जण, हे पहिलं विचारा. आठ-दहाच्या वर असतील तर तुमचा बहुतेक वेळ बघण्यात जाईल. दुसरं, प्रत्येकाला स्वतःची भिंत मिळते की चौघांत एक. चौघांत एक असेल तर ज्याचा हात चालतो तोच बांधतो. तिसरं, माल कोण कालवतं. आयता मिळत असेल तर जाऊ नका.

निळावंती

आणि काम मोजून दाखवतात का, हे विचारा. "छान झालं" म्हणून पाठवणारे नकोत.

भटकभवानी

आणि शिकवणारा कोण. नाव विचारा.

अनवट

केतकीताई, तारीख ठरली की इथे लिहा. मीही नाव नोंदवतो.

ओळंबा

ताई, तोपर्यंत घरी एक करा. बादलीभर वाळू आणा, चाळून घ्या, नुसत्या पाण्यात ओली करा. सिमेंट नको. थापीनं उचलायची आणि फळीवर लांब सरळ ओळीत सोडायची. गोळा करायची, परत सोडायची. रोज थोडं थोडं. वाळू फळीवर एकसारखी पडायला लागली की समजा मनगट फिरायला लागलं. थापी मध्यम घ्या, मोठी नको, आणि मूठ लाकडाची बघा.